घोडीवरून पडताना

गेल्या वैशाखातली गोष्ट. आमच्या पिंपळे गुरवच्या इमारतीत राहणारा अकरावीचा एक विद्यार्थी रविवारी सकाळीच दारात येऊन उभा राहिला. हातात मोटारसायकलस्वार घालतात तसले काळे जाकीट होते. त्याच्या पाठीत प्लास्टिकची कडक पट्टी बसवलेली होती. "काका, हे मामाला दिले तर चालेल का?" त्याने विचारले. मामा खेड तालुक्यातला. बैलगाडा शर्यतीत तो घोडी धरतो. आदल्या आठवड्यात एका जत्रेत तो घोडीवरून पडला आणि त्याच्या तीन बरगड्या मोडल्या. डोक्यावर शिरस्त्राण होते म्हणून डोके वाचले, असे घरचे म्हणत होते. छातीलाही तसेच काहीतरी असायला हवे, असे भाच्याला वाटले. घरात असलेली वस्तू घेऊन तो माझ्याकडे आला होता.

प्रश्न साधा होता, पण उत्तर मला लगेच देता आले नाही. मोटारसायकलवरून पडणे आणि घोड्यावरून पडणे हे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने एकच आहे का, हे आधी तपासायला हवे होते. त्या तपासणीत जे हाती लागले ते अकरावीच्या 'बल, संवेग, ऊर्जा' या प्रकरणाला इतके जवळचे निघाले की ते वर्गात सांगावेसे वाटले.

ज्या वाचकांनी ही शर्यत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन वाक्ये. पुणे जिल्ह्याच्या खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या भागांत शर्यतीच्या उतरत्या-चढत्या मार्गाला घाट म्हणतात आणि बैलांच्या एका धावेला बारी. जुंपलेल्या बैलांच्या पुढे एक स्वार घोडी पळवतो, बैल तिच्या मागे धावतात, आणि दहा-पंधरा सेकंदांत बारी संपते. घोडी पळवणाऱ्या या स्वाराने 'घोडी धरली' असे म्हणतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये शिरूरचे खासदार डॉ. अमोल कोल्हे यांनी निमगावच्या घाटात घोडी धरली तेव्हा हा शब्द राज्यभराच्या वर्तमानपत्रांत आला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यतींवर बंदी घातली, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. या सगळ्या काळात वाद झाला तो बैलांना होणाऱ्या त्रासाविषयी, आणि तो व्हायलाच हवा होता. घोडीवरच्या माणसाविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही. शर्यत असावी की नसावी हा या लेखाचा विषय नाही. ती होते आहे आणि माणसे पडत आहेत, एवढे पुरे.

आता पडण्याचा हिशेब करू. स्वार खोगिरावर बसला असता त्याच्या धडाचा मध्य जमिनीपासून सुमारे १.८ मीटर उंचीवर असतो. तो कुशीवर पडला तर हा मध्य जमिनीपासून ०.२ मीटरवर येतो. म्हणजे पतन १.६ मीटरचे. v² = 2gh या सूत्राने जमिनीला टेकतानाचा उभा वेग सेकंदाला ५.६ मीटर येतो, म्हणजे ताशी २० किलोमीटर. यासाठी लागणारा वेळ अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त, ०.५७ सेकंद.

घोडी ताशी ४० किलोमीटर वेगाने पळते आहे असे धरले तर आडवा वेग सेकंदाला ११ मीटर. विद्यार्थ्यांना विचारून पाहा, यातला कोणता वेग जास्त घातक? बहुतेक जण आडवा सांगतील, कारण तो दुप्पट आहे आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात म्हणजे चौपट. पण मोकळ्या मैदानात उत्तर उलटे आहे. उभा वेग जमिनीला टेकताच काही सेंटिमीटरांत शून्य व्हावा लागतो. आडवा वेग घसरत, लोळत, कित्येक मीटरांत संपतो. घर्षण गुणांक ०.५ धरू. जमिनीवर आदळताना जो उभा आवेग मिळतो त्याच्या निम्मा आवेग घर्षणामुळे मागच्या दिशेने मिळतो, म्हणून आडवा वेग ११ वरून ८ च्या आसपास येतो. उरलेला वेग घसरत जाऊन संपायला सुमारे ७ मीटर लागतात. ७ मीटरांत थांबणाऱ्या शरीरावर घर्षणाचे बल त्याच्या वजनाच्या निम्मेच असते. कातडे सोलवटते, कपडे फाटतात, पण बरगडी मोडत नाही.

मोटारसायकलचे जाकीट मुख्यत्वे या घसरण्यासाठी बनवलेले असते. म्हणून त्याचे कापड जाड, चिवट असते. त्यातली पाठीची पट्टी कण्यावर येणाऱ्या आघातासाठी असते आणि छातीच्या बाजू बहुधा मोकळ्याच असतात. घोड्यावरून पडणारा माणूस कुठल्याही अंगावर पडू शकतो. मामाच्या मोडलेल्या बरगड्या डाव्या कुशीच्या होत्या. त्या पट्टीचा तिथे काहीच उपयोग झाला नसता.

दोन्हींची मानकेही वेगळी आहेत. मोटारसायकलच्या पाठपट्टीसाठी युरोपात ईएन १६२१-२ हे मानक वापरतात. त्यात ५० ज्यूल ऊर्जेचा आघात करून पट्टीच्या पलीकडे किती बल पोचते ते मोजतात. पहिल्या श्रेणीत ते सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत चालते, दुसऱ्या श्रेणीत ९ पर्यंत. घोडेस्वाराच्या जाकिटासाठीचे मानक ईएन १३१५८. त्यात पलीकडे पोचणाऱ्या सर्वोच्च बलाची सरासरी ४ किलोन्यूटनच्या आत राहावी लागते, कारण त्यापलीकडे बरगड्या मोडण्याची शक्यता वाढते. ४ आणि १८ हे आकडे शेजारी ठेवून एक वस्तू दुसरीपेक्षा साडेचार पट चांगली असे मात्र म्हणता येत नाही. दोन्हींत आघाताची ऊर्जा वेगळी, आदळणाऱ्या वस्तूचा आकार वेगळा, खालची ऐरण वेगळी. दोन मोजपट्ट्या वेगळ्या असताना आकड्यांची तुलना करण्याची चूक जाहिरातींत सर्रास होते, आणि विद्यार्थ्यांना ती दाखवून देण्यासारखी आहे.

आता मुख्य प्रश्न. इंच-दीड इंच जाडीचे फेसाळ जाकीट नेमके काय करते? 'धक्का शोषून घेते' असे आपण सहज म्हणतो, पण शोषणे म्हणजे काय? ऊर्जा म्हणजे बल गुणिले अंतर. आदळणाऱ्या धडाचे वस्तुमान ३० किलोग्रॅम धरू. हातपाय आणि डोके त्याच क्षणी टेकत नाहीत, म्हणून संपूर्ण ६० किलो धरायचे नाही. सेकंदाला ५.६ मीटर वेगाने त्याची गतिज ऊर्जा सुमारे ४७० ज्यूल होते. टणक मुरुमावर पडल्यावर छाती दबणे, स्नायू दबणे आणि जमीन किंचित खचणे हे सगळे मिळून थांबण्याचे अंतर ४ सेंटिमीटर असेल तर सरासरी बल सुमारे १२ किलोन्यूटन येते. अंगात २५ मिलिमीटर जाडीचे जाकीट असेल तर ही सगळी जाडी वापरता येत नाही. फेस पूर्ण चेपला की तो दगडासारखा होतो. साधारण १७ मिलिमीटर उपयोगी पडतात. थांबण्याचे अंतर ५.७ सेंटिमीटर झाले, बल ८ किलोन्यूटनच्या आसपास आले. म्हणजे सुमारे तीस टक्के घट.

हे वाचून काहींची निराशा होईल. माझीही झाली. पण दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. एक तर हे बल खांदा, कूस आणि कंबर अशा मोठ्या भागावर विभागलेले असते, ते एका बरगडीवर येत नाही. दुसरे म्हणजे बरगडी मोडते की नाही हे पुष्कळदा त्या तीस टक्क्यांतच ठरते. मोडण्याची मर्यादा एखाद्या उंबरठ्यासारखी असते. तिच्या थोडे खाली राहिलो तर काळेनिळे होण्यावर भागते, थोडे वर गेलो तर मोडलेल्या बरगडीचे टोक फुप्फुसात घुसू शकते.

जाकिटाचे खरे सामर्थ्य मात्र वेगळ्या ठिकाणी दिसते. घाटात मुरुमातून वर आलेला मुठीएवढा दगड, कुंपणाच्या खांबाचे टोक, किंवा जनावराचा खूर. इथे सगळे बल काही चौरस सेंटिमीटरांवर येते. फेसाचा थर ते बल कित्येक पट क्षेत्रफळावर पसरवतो आणि दाब त्या प्रमाणात उतरतो. मानकातल्या चाचण्याही अशाच स्थानिक आघाताच्या आहेत. त्यांतली ऊर्जा काही दशक ज्यूल इतकीच असते, ४७० ज्यूल नव्हे. तेव्हा हे जाकीट पूर्ण पतन झेलण्यासाठी नसून टोकदार आणि लहान आघातांसाठी आहे, असे समजणे जास्त बरोबर.

जुन्या मराठी स्वारांच्या चिलखताशी याची तुलना करण्याचा मोह होतो. अफझलखानाच्या भेटीच्या वेळी, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते हे प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते. लोखंडी कड्यांचे जाळे पात्याची धार अडवते, पण बोथट आघातापुढे ते निरुपयोगी ठरते, कारण ते स्वतः दबत नाही, शरीराबरोबर आत जाते. म्हणून जगभर कड्यांच्या चिलखताखाली कापूस किंवा लोकर भरलेले जाड कपडे घालत. आजच्या जाकिटाचा पूर्वज शोधायचा तर तो त्या आतल्या गोधडीत शोधावा.

बैल आणि स्वार या जोडीमुळे एक अमेरिकन घटना इथे सांगण्यासारखी आहे. १९८९ साली वायोमिंगमधील शायेन येथे लेन फ्रॉस्ट हा नामवंत बैलस्वार आपली फेरी पूर्ण करून उतरला, आणि बैलाने मागून दिलेल्या धडकेत बरगड्या मोडून तो मरण पावला. त्याचा मित्र कोडी लँबर्ट याने त्यानंतर बैलस्वारांसाठी संरक्षक जाकीट बनवले. पुढे व्यावसायिक बैलस्वारीत ते सक्तीचे झाले. घाटातल्या स्वारालाही मागून बैल येत असतात, आणि इथे आपला मघाचा हिशेब पुढे नेता येतो. समजा, स्वार घोडीवरून सुटला तेव्हा बैल १५ मीटर मागे आहेत आणि त्याच वेगाने धावताहेत. हवेत असताना स्वार सुमारे ६ मीटर पुढे जातो, घसरत आणखी ७ मीटर, आणि सव्वादोन सेकंदांनी थांबतो. बैलांना त्या जागी पोचायला अडीच सेकंद लागतात. उठून बाजूला होण्यासाठी उरतो तो पाव ते एक तृतीयांश सेकंद. डोळ्याने पाहून हात हलवायलाही इतका वेळ लागतोच.

म्हणजे तुडवले जाण्याची शक्यता कल्पनेतली नाही. ४०० किलोच्या बैलाचा नुसता वजनाइतका भार एका खुरावर आला तरी ते बल ४ किलोन्यूटन होते, आणि धावताना ते याहून बरेच जास्त होऊ शकते. खूर छातीवरून ओझरता गेला तर जाकीट उपयोगी पडेल. पूर्ण भाराने पडला, किंवा घोडीच अंगावर कोसळली, तर फेस काही करू शकत नाही. कारण तिथे प्रश्न आघाताचा नसून चेंगरण्याचा असतो. फेस चेपून संपतो आणि भार तसाच उरतो. अशा वेळी धातूचा ताठ सांगाडा हवा. ब्रिटनमध्ये पिंजऱ्याच्या रचनेचे एक जाकीट निघालेही होते.

जाकिटाच्या मर्यादेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 'सुपरमॅन' चित्रपटातील नट ख्रिस्तोफर रीव्ह याचे. २७ मे १९९५ रोजी व्हर्जिनियातील कल्पेपर येथे स्पर्धेत त्याचा घोडा अडथळ्यापाशी अचानक थांबला आणि तो डोक्यावर पडला. डोक्यावर शिरस्त्राण आणि अंगात संरक्षक जाकीट दोन्ही होते. कवटीला आणि बरगड्यांना काही झाले नाही, पण मानेचे वरचे दोन मणके मोडले आणि तो मानेखाली कायमचा लुळा झाला. मान वाकून किंवा शरीराच्या भाराने दाबली जाऊन होणारी इजा छातीवरचा फेस थांबवू शकत नाही. हातपाय तर जाकिटाबाहेरच असतात, आणि पडताना हात टेकण्याच्या सवयीमुळे मनगट आणि गळपट्टीचे हाड मोडणे फार सामान्य आहे.

अलीकडे हवेने फुगणारी जाकिटे आली आहेत. जाकिटाची दोरी खोगिराला बांधलेली असते. स्वार सुटला की दोरी ताणली जाते, खीळ निघते, आणि कार्बन डायऑक्साइडची छोटी नळी फुटून जाकीट सुमारे एक दशांश सेकंदात फुगते. आपला पतनाचा वेळ ०.५७ सेकंद आहे, तेव्हा हिशेबाला अडचण नाही. हवेच्या थराने थांबण्याचे अंतर आणखी ४ सेंटिमीटर वाढले तर बल ५ किलोन्यूटनच्या खाली येते. कागदावर हे फारच चांगले दिसते. पण २०१९ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी आंतरराष्ट्रीय अश्वारोहण स्पर्धांमधील पतनांच्या नोंदी तपासल्या तेव्हा हवेचे जाकीट घातलेल्या स्वारांत गंभीर इजेची शक्यता कमी न आढळता सुमारे १.७ पट जास्त आढळली.

हा निष्कर्ष वर्गात चर्चेला ठेवावा असा आहे. जाकिटामुळे इजा होते, असा त्याचा अर्थ लगेच काढता येत नाही. ज्या स्वारांना जास्त धोकादायक अडथळे पार करायचे आहेत तेच अशी महागडी जाकिटे घेत असतील. संरक्षण आहे म्हणून काही जण जास्त धाडस करीत असतील. घोडा अडथळ्याला अडकून स्वारासकट कोलांटी खातो तेव्हा स्वार खोगिरापासून सुटतच नाही, म्हणजे जाकीट वेळेवर फुगत नाही. फुगलेले जाकीट काही सेकंद ताठ राहते, त्यामुळे अंग गोळा करून लोळणे अवघड होते, अशीही एक शंका आहे. यातले किती खरे, हे त्या नोंदींवरून ठरत नाही. घाटातल्या स्वारापुरते बोलायचे तर, ज्याला पाव सेकंदात बैलांच्या वाटेतून लोळत बाहेर पडायचे आहे त्याने फुगलेला फुगा अंगावर बाळगावा का, याविषयी मी साशंक आहे.

फेसाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण प्रयोग तिथेच आहे. गादीचा स्पंज आणि जाकिटातला फेस दिसायला सारखे, पण स्पंजाचे कोष एकमेकांत उघडणारे असतात. दाबला की हवा निसटते आणि तो बघता बघता तळाला टेकतो. जाकिटात वापरतात त्या नायट्राइल रबर आणि पीव्हीसी यांच्या फेसाचे कोष बंद असतात. आतली हवा अडकलेली असल्याने तो दाबाला विरोध करीत दबतो. उत्तम शोषक पदार्थ तो, ज्याचे बल झटकन एका पातळीपर्यंत चढते आणि चेपण्याच्या संपूर्ण अंतरात त्याच पातळीवर टिकते. बल-अंतराचा आलेख काढला तर तो आयताच्या जवळ जायला हवा, कारण आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजेच ऊर्जा. स्पंजाचा आलेख बराच वेळ तळाशी रेंगाळतो आणि शेवटी एकदम उसळतो. थर्मोकोलचा आलेख जवळपास आयताकृती असतो, म्हणूनच तो शिरस्त्राणात वापरतात. पण तो एकदाच चेपतो आणि परत फुगत नाही. आघात झालेले शिरस्त्राण टाकून द्यावे ते यासाठी.

शाळेत हे दाखवायला फार काही लागत नाही. आपल्या चाकण-भोसरी पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग ज्या पांढऱ्या फेसाच्या पत्र्यांत गुंडाळून येतात ते बंद कोषांचेच असतात आणि भंगारवाल्याकडे सहज मिळतात. ताटात चार बोटे जाड शाडूची ओली माती सपाट थापावी. तिच्यावर नमुना ठेवून एक मीटर लांबीच्या उभ्या प्लास्टिकच्या नळीतून अर्ध्या किलोचे वजन सोडावे. ऊर्जा सुमारे ४.९ ज्यूल. मग मातीतला खळगा किती खोल पडला ते मोजावे. एकदा नुसत्या मातीवर, मग स्पंज, थर्मोकोल, फेसाचा पत्रा आणि गोधडीची घडी, सर्वांची जाडी सारखी ठेवून. मी घरी केले तेव्हा इंचभर स्पंजाने जवळजवळ काहीच फरक पडला नाही. थर्मोकोलने पहिल्या वेळी सर्वांत चांगले काम केले आणि त्याच जागी दुसऱ्या वेळी सर्वांत वाईट. गोधडीने माझ्या अपेक्षेपेक्षा बरे केले. फेसाच्या पत्र्यावर पातळ लाकडी फळी ठेवून पुन्हा वजन सोडले की खळगा उथळ आणि पसरट होतो. बल पसरणे म्हणजे काय ते शब्दांशिवाय कळते.

आणखी एक प्रयोग उन्हाचा. फेसाचा एक तुकडा बर्फाच्या डब्यात आणि एक एप्रिलच्या उन्हात तासभर ठेवून लगेच वापरावा. जाकिटातला फेस उष्णतेने मऊ होतो, आणि उत्पादक ते गुण म्हणून सांगतात, कारण अंगाच्या उबेने जाकीट शरीराच्या आकाराला बसते. मात्र फार तापलेला फेस लवकर तळाला टेकतो. आपल्या जत्रा ऐन चैत्र-वैशाखात येतात. शिवाय बंद कोषांतून घाम उडत नाही, त्यामुळे दुपारी एकामागून एक बाऱ्यांना घोडी धरणाऱ्या स्वाराने हे जाकीट सतत अंगावर ठेवले तर उन्हाचा वेगळाच त्रास व्हायचा. बारीपुरते घालावे, सावलीत काढून ठेवावे, गाडीच्या टपावर टाकू नये. फेस वापराने थकतोही. तीन ते पाच वर्षांनी जाकीट बदलावे असे सांगतात, आणि आघातानंतर पडलेला खळगा अर्ध्या तासात भरून आला नाही तर तो भाग निकामी समजतात.

हिशेबाकडे पुन्हा एकदा पाहू या. थांबण्याचे अंतर जाकिटाने १७ मिलिमीटरने वाढते. पण पडण्याची जागा भुसभुशीत असेल आणि अंग १० सेंटिमीटर रुतत असेल, तर एकूण अंतर १४ सेंटिमीटर आणि बल साडेतीन किलोन्यूटनपेक्षा कमी! कोणतेही जाकीट जे करू शकत नाही ते नांगरलेली माती फुकटात करते. घोड्यांच्या शर्यतींत हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर शर्यतीपूर्वी जमीन किती नरम आहे ते पेनेट्रोमीटर नावाच्या साधनाने मोजून तो आकडा जाहीर करतात. तिथे मुख्य हेतू घोड्याचे पाय आणि धावेचा अंदाज हा असला तरी स्वाराचाही फायदा होतोच. ब्रिटनमध्ये १९९९ या एका वर्षात अडथळ्यांच्या स्पर्धांत पाच स्वार मृत्युमुखी पडले. त्यानंतर जे उपाय झाले त्यांतला महत्त्वाचा उपाय कपड्यांचा नव्हता. अडथळ्याचा ओंडका ठरावीक बलाला निसटून खाली यावा अशी खीळ बसवण्यात आली, म्हणजे घोडा अडकून कोलांटी खाणार नाही.

घाटाच्या बाबतीत बैल ज्या मधल्या पट्ट्यातून धावतात तो भुसभुशीत करता येणार नाही, नाहीतर त्यांचेच पाय मुरगळतील. पण कडेचे पट्टे, आणि घोडी आवरताना स्वार सर्वांत जास्त डळमळतो तो शेवटचा भाग, यांची माती उकरून दगड वेचता येतात. कडेच्या खांबांना भुशाची पोती बांधता येतात. मला विचाराल तर पैसे असतील त्या क्रमाने आधी चांगले शिरस्त्राण, मग ही माती आणि पोती, आणि त्यानंतर जाकीट घ्यावे. जाकीट घ्यायचेच तर घोडेस्वारीच्या मानकाचे, बरगड्यांच्या खालच्या कडेपर्यंत पोचणारे, पण बसल्यावर मागून खोगिराला न टेकणारे, आणि अंगाला घट्ट बसणारे असावे. सैल जाकीट पडताना वर सरकते आणि नेमकी हवी ती जागा उघडी पडते.

हे सगळे मी त्या मुलाला सांगितले तेव्हा त्याने जाकिटाचा विषय सोडून दिला आणि जमीन किती कठीण आहे हे मोजायचे कसे, एवढेच विचारले. टोकदार लोखंडी सळई नळीतून एक मीटर उंचीवरून सोडायची आणि किती रुतली ते पट्टीने मोजायचे, असे आमचे ठरले. मामाच्या गावच्या घाटात त्याने वीस ठिकाणी मोजमाप घेतले. मधल्या पट्ट्यात सळई जेमतेम नखाएवढी रुतली. कडेला दोन बोटे. सर्वांत कठीण जागा निघाली ती शेवटच्या रेषेच्या पुढची, जिथे वर्षभर ट्रॅक्टर उभे राहतात आणि जिथे मामा पडला होता.